'द शेप ऑफ वॉटर' : हा बेडूक शेवटपर्यंत राजपुत्र होत नाही

रात्रपाळी

सूचना : पुढे सगळी कथा फोडली आहे. पाहिला नसेल तर इथूनच परत फिरा.

२०१७ च्या सिनेमावर आत्ता धागा काढतेय, कल्पना आहे. तेव्हा ऑस्करच्या गाजावाजात लावला होता आणि अर्ध्यावर सोडला. एक बाई रोज उठल्यावर अंडी उकडत ठेवते, ती होईपर्यंत टबात... असो. आणि मग प्रयोगशाळेत आणलेल्या माशाच्या प्रेमात पडते. म्हटलं, नाही झेपत. परवा झोप येत नव्हती म्हणून पुन्हा लावला आणि पहाटे तीनपर्यंत जागी राहिले. शेवटी उशी ओली.

थोडक्यात गोष्ट. १९६२, बाल्टिमोर, शीतयुद्ध ऐन भरात. एलायझा (सॅली हॉकिन्स) एका सरकारी संशोधन केंद्रात रात्रपाळीला लादी पुसते. तिला ऐकू येतं, बोलता येत नाही. (माझा आयडी बघून ती मला का आवडली याचा अंदाज आला असेल.) दक्षिण अमेरिकेतल्या एका नदीतून पकडलेला जलचर तिथे टाकीत आणून ठेवतात. तिकडची माणसं त्याला देव मानून पुजत होती. इथे कर्नल स्ट्रिकलंड त्याला विजेच्या दंडुक्याने झोडपतो. अमेरिकनांना त्याला चिरायचंय, कारण त्याच्या फुफ्फुसांवरून अंतराळात माणूस कसा तगवायचा ते कळेल. रशियनांना तो मेलेला हवाय, कारण तो अमेरिकनांना उपयोगी पडायला नको. आणि या दोन महासत्तांच्या मधे ही बाई उभी. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं.

मला या वेळी जे दिसलं ते असं. 'ब्यूटी अँड द बीस्ट' १७४० मध्ये फ्रान्समध्ये छापली गेली, बेडूक राजपुत्राची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतोय. सगळीकडे एकच गंमत : रूप बघू नका, मन बघा, असं पानोपान सांगायचं आणि शेवटच्या पानावर त्या बिचाऱ्याला देखणा करून टाकायचा. म्हणजे शिकवण मागे! मुलीला बक्षीस कसलं, तर रूप न बघितल्याबद्दल रूप. दिग्दर्शक देल तोरोने हे केलं नाही. त्याचा प्राणी पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत खवल्यांचा, कल्ल्यांचा, बुळबुळीत. कुणी शाप दिलेला नाही, त्यामुळे उःशापही नाही. तो आहे तो आहे.

तुम्हाला हे प्रेम वाटलं का? की एकटेपणाने घेतलेली उडी? की नुसतंच हिरव्या रंगातलं सुंदर काहीतरी? मोकळेपणाने लिहा, मी रागावत नाही.

टिंगूमिंगू

रुमाल टाकून ठेवतो. मासोबाचं चांगभलं!

बोका_नं_१

बाकी काही असो, मांजर खाल्लं त्याने. पँडोराचं डोकं. मी तिथे उठलो.

टिंगूमिंगू

आयडीच तसा, उठणारच.

खडूस_खारूताई

रात्रपाळी, लेख छान, सिनेमा नाही. रागावत नाही म्हणालीस म्हणून स्पष्ट लिहिते.

प्रेम कुठे दिसलं तुला? तिने त्याला चार अंडी दिली, ग्रामोफोन ऐकवला, त्याने खुणेने 'अंडं' म्हटलं. झालं प्रेम! हे प्रेम असेल तर माझ्या खिडकीत येणाऱ्या खारीशी माझं लग्न कधीच व्हायला हवं होतं. तो विचार किती करू शकतो, त्याला काय कळतं, काय हवंय, याचा पत्ता नाही. टाकीतून काढून टबात ठेवला. टब तिचा, मीठ तिचं, बाथरूमचं दार तिचं. मग एका रात्री ती कपडे उतरवून आत जाते. हाच प्रसंग उलटा करून बघ : एकटा पुरुष, न बोलणारी जलपरी, त्याचा टब. तरी उशी ओली झाली असती का?

दुसरं म्हणजे स्ट्रिकलंड. त्याचं नुसतं नाव घेतलं तरी कळतं की हा दुष्ट. लघवीच्या आधी हात धुतो, नंतर धुत नाही. बायकोला बोलू देत नाही. काळ्यांना तुच्छ लेखतो. बोटं सडतात तरी उपटून फेकेपर्यंत कळत नाही. एवढं सगळं एकाच माणसात कोंबलं की प्रेक्षकाला काम उरत नाही. मायकल शॅननचा अभिनय उत्तम, पण त्याला नाटकातल्या राक्षसासारखा मुखवटा दिलाय.

निमूट

खारूताईंच्या दुसऱ्या मुद्द्याशी अर्धा सहमत. मला स्ट्रिकलंडची गाडी घेण्याची जागा फार आवडली. हा माणूस शोरूममध्ये हिरवी गाडी बघतो, विक्रेता म्हणतो हिरवी नाही, टील आहे. आणि हा फसतो. सगळ्या जगावर दमदाटी करणारा माणूस एका विक्रेत्याच्या एका शब्दावर भाळतो. 'तुम्ही उद्याचे आहात' एवढंच त्याला ऐकायचं असतं. नंतर त्या गाडीचा चेपलेला पत्रा बघताना मला त्याची चक्क कीव आली.

हिरवा रंग पुढेही बघा. जाइल्स (एलायझाचा म्हातारा शेजारी, चित्रकार) जाहिरातीसाठी लाल जेलीचं चित्र काढतो, त्याला सांगतात हिरवी कर, पुढचा जमाना हिरव्याचा. खायचा 'पाय' (pie) हिरवा, गोळ्या हिरव्या, प्रयोगशाळा हिरवी. आणि एलायझा जसजशी प्रेमात पडते तसतसा तिच्या अंगावर लाल रंग चढत जातो. आधी केसांना पट्टा, मग बूट, मग कोट. मला हे दुसऱ्यांदा बघताना दिसलं. पहिल्यांदा नुसतं बरं वाटलं होतं, का ते कळलं नव्हतं.

शंकासुर

एक बाळबोध प्रश्न. सुरुवातीला तिचं अख्खं घर पाण्यात तरंगतंय आणि ती झोपलीय, ते खरंच पाण्याखाली घेतलंय का? हॉकिन्सबाईंचा दम मोठा दिसतो.

दिवाभीत

शंकासुर, तिथे पाण्याचा थेंब नाही. या युक्तीला 'ड्राय फॉर वेट' म्हणतात, म्हणजे कोरड्यात ओलं. खोली धुराने भरायची. टेबल, खुर्ची, दिवा, नटी, सगळं बारीक तारांनी लटकवायचं. पंख्याने कपडे आणि केस हलके हलवायचे. कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होते, पाण्यात व्हावी तशी. आणि मुख्य गोष्ट, वरून प्रोजेक्टरने पाण्याच्या लाटांचा हलता उजेड टाकायचा. धुरामुळे त्या उजेडाचे पट्टे हवेत दिसतात आणि आपला मेंदू 'पाणी' म्हणून सही करून मोकळा होतो. उरलेले बुडबुडे, मासे वगैरे नंतर संगणकावर. शेवटचा प्रसंगही याच जातीचा.

खऱ्या पाण्यात चेहरा असा शांत राहत नाही. नाक मुरडतं, डोळे चुरचुरतात, गाल फुगतात. दिग्दर्शकाला झोपलेल्या बाईचा चेहरा हवा होता, दम धरलेल्या बाईचा नको होता.

आणि प्राणी संगणकाचा नाही, हे अनेकांना माहीत नसतं. आत डग जोन्स नावाचा सहा फुटांहून उंच, सडपातळ नट आहे. देल तोरोच्याच 'हेलबॉय'मधला एब सेपियन आणि 'पॅन्स लॅबिरिन्थ'मधला फॉन हाच. अंगावर फोम आणि सिलिकॉनचा पोशाख. डोळ्यांची उघडझाप आणि चेहऱ्यावरच्या बारीक छटा तेवढ्या नंतर संगणकावर. म्हणून तर हॉकिन्स त्याला हात लावते तेव्हा खरंच कुणाला तरी हात लावते. समोर हिरवा पडदा आणि काठीला लावलेला चेंडू असता तर हा सिनेमा पंधरा मिनिटांत कोसळला असता.

एवढं करून बजेट सुमारे दोन कोटी डॉलर. हॉलिवूडच्या हिशोबात ही चिल्लर. चित्रीकरण बाल्टिमोरमध्ये नाही, बहुतेक सगळं टोरांटोमध्ये.

शंकासुर

दंडवत. 'सही करून मोकळा होतो' हे उचलतोय.

सुमनमावशी

रात्रपाळी, तू बेडकाचं लिहिलंस, मला आपल्या गोष्टी आठवल्या. हिडिंबा भीमावर भाळते, पण त्याच्यासमोर येते ती सुंदर स्त्रीचं रूप घेऊन. मत्स्यगंधेच्या अंगाला माशांचा वास. पराशर आधी तो वास घालवतो, तिला योजनगंधा करतो. म्हणजे रूप राहू दे, वाससुद्धा चालत नाही! शंतनू पुढे त्या सुगंधाचा माग काढतच येतो. नागाच्या गोष्टींत नाग नवऱ्याचं रूप घेऊन घरात शिरतो. कुठेच कुणी आहे तसा नाही चालला.

या सिनेमात तिच्या घराला मासळीचा वास येत असणार. दिग्दर्शक तो लपवत नाही. तिने ज्याला घरात घेतलं त्याच्यासकट त्याचा वास घेतला, हे मला फार मोठं वाटलं. आमच्या पिढीला तो टबातला भाग जरा डोळ्यांआड करावा लागतो, पण मी पाहिला बाई सगळा.

रात्रपाळी

मावशी, __/\__ योजनगंधेचं मला सुचलंच नव्हतं. मूळ लेखात घालू का?

सुमनमावशी

घाल की. माझं काय जातंय, व्यासांचं आहे.

मौनी

बराच वेळ लिहू की नको चाललं होतं. माझा धाकटा भाऊ बोलत नाही, ऐकू येतं. एलायझासारखाच. आम्ही घरात हातांनी बोलतो.

दोन गोष्टी. पहिली, हॉकिन्सने हात चांगले चालवलेत. दिग्दर्शकाने तिला चॅप्लिन, कीटन, लॉरेल यांचे मूकपट बघायला दिले होते म्हणे, ते दिसतं. ती नुसत्या बोटांनी बोलत नाही. खांदा, मान, भुवई सगळं बोलतं. तो स्ट्रिकलंडसमोरचा प्रसंग आठवा. ती त्याच्या तोंडावर एकेक अक्षर करून सणसणीत शिवी हासडते, तो शेजारी उभ्या झेल्डाला (एलायझाबरोबर लादी पुसणारी तिची मैत्रीण) विचारतो काय म्हणतेय, आणि झेल्डा सांगते 'आभार मानतेय'. माझा भाऊ खुर्चीवरून पडायचा बाकी होता. त्याने आयुष्यात हे किती जणांना केलंय ते मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट कडू. ती जाइल्सला सांगते ना, की तो माझ्याकडे बघतो तेव्हा माझ्यात काय कमी आहे हे त्याला माहीत नसतं. सगळे या प्रसंगाला रडतात. माझा भाऊ उठून पाणी प्यायला गेला. परत आल्यावर त्याने मला विचारलं, "कमी आहे, हे तिला कुणी सांगितलं?" आणि पुढचा प्रश्न, "आमच्याशी प्रेम करायला माणूस नाहीच का मिळाला?" मला उत्तर देता आलं नाही. बोलू न शकणाऱ्या बाईला जोडीदार कोण, तर बोलू न शकणारा प्राणी. सिनेमा दयाळूपणाने सांगतो, पण सांगतो हेच.

आणि एक. तिला स्वप्नात आवाज फुटतो. पडदा काळापांढरा होतो, ती गाते, दोघं जुन्या संगीतपटातल्यासारखे नाचतात. भाऊ म्हणाला, मी स्वप्नातसुद्धा हातांनीच बोलतो.

निमूट

मौनी, तुमच्या भावाचा शेवटचा प्रतिसाद वाचून काही वेळ नुसता बसलो. लिहिलंत ते बरं केलंत.

खडूस_खारूताई

मौनी, मी दिलेल्या सगळ्या कारणांपेक्षा हे एक कारण भारी आहे.

रात्रपाळी

मौनी, मी त्याच प्रसंगाला रडले होते. आता पुन्हा बघताना तुमचा भाऊ आठवणार. बाजू घ्यायची म्हणून नाही, पण जे दिसलं ते सांगते : त्या प्रसंगात ती जाइल्सला स्वतःचे हात मोठ्याने वाचायला लावते. प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडून वदवून घेते. तो टाळाटाळ करतो, तर त्याला धरून उभं करते. बोलता न येणारी बाई बोलता येणाऱ्याला आपला आवाज करते, आणि ते ऐकून अडचणीत तो येतो. 'कमी' हा शब्दही त्याच्याच तोंडी पडतो. पण हे खरं की तो शब्द लिहिला बोलता येणाऱ्यांनीच.

टिंगूमिंगू

वातावरण गंभीर झालंय, तर विचारून घेतो. झेल्डा विचारते की 'ते' कसं काय जमतं, तेव्हा एलायझा हातांनी जे दाखवते, त्यावर कुणीच का बोलत नाहीये?

सुमनमावशी

कारण सगळ्यांना कळलं, टिंग्या.

शंकासुर

झेल्डा (ऑक्टेव्हिया स्पेन्सर) हे माझ्या मते वाया घालवलेलं पात्र. सगळा वेळ मैत्रिणीसाठी बोलते, मैत्रिणीसाठी खोटं बोलते, नवऱ्याच्या तक्रारी सांगून हसवते. काळी मैत्रीण म्हणजे हेच काम, हे आपण किती सिनेमांत बघितलंय. घरी येऊन स्ट्रिकलंड धमकावतो तेव्हा नवरा सगळं ओकून टाकतो, आणि ती नवऱ्याकडे जशी बघते त्या एका क्षणात अख्खा वेगळा सिनेमा आहे. तो कुणीतरी काढायला हवा होता.

आणि दुसरी शंका. हा चोरलेला आहे असं वाचलं होतं ते काय प्रकरण?

दिवाभीत

१९६९ चं एक अमेरिकन नाटक आहे, त्यात प्रयोगशाळेतली सफाईवाली बाई आणि डॉल्फिन. नाटककाराच्या वारसांनी २०१८ मध्ये, ऑस्करच्या तोंडावर, दावा लावला. तो काही वर्षं चालला आणि शेवटी त्यांनीच मागे घेतला.

देल तोरो स्वतः ज्याचं ऋण सांगतो तो १९५४ चा 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'. नायिका वर पोहतेय आणि खाली तो प्राणी पाठ पाण्याच्या तळाकडे करून, तिच्या लयीत लय मिसळून पोहतोय, असं एक सुंदर दृश्य त्यात आहे. देल तोरोने लहानपणी ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आता यांचं जमणार. जमत नाही, प्राण्याला गोळ्या घालतात, तो बुडतो. त्या पोराने जवळजवळ पन्नास वर्षं डूख धरला आणि सिनेमा काढून बदला घेतला.

(अवांतर : त्या जुन्या प्राण्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक नावाच्या बाईने घडवलं होतं. तिच्या वरिष्ठाने श्रेय स्वतःकडे घेतलं आणि तिला स्टुडिओत पुढे काम मिळालं नाही. राक्षस बहुतेक वेळा कपडे नीट घातलेलाच असतो.)

(अवांतर २ : ही गोष्ट १९६२ मध्ये घडते. त्याच वर्षी सोव्हिएत चित्रपटगृहांत एका कल्लेवाल्या तरुणाची प्रेमकथा तुफान चालत होती, अलेक्सांद्र बेल्यायेवच्या १९२८ च्या कादंबरीवरची. त्यात वडीलच मुलाच्या जिवासाठी त्याला शार्कचे कल्ले बसवतात. शेवटी त्याला कायमचं समुद्रात जावं लागतं, ती काठावर राहते. म्हणजे प्रयोगशाळेतला आपला रशियन हेर डॉ. हॉफस्टेटलर मायदेशी असता तर तिकीट काढून हेच बघून आला असता. तोही शेवटी प्राण्याला वाचवतो, आपल्या साहेबांचा हुकूम मोडून.)

बोका_नं_१

धाडस करून पुढचा भाग बघितला. मांजर खाल्ल्यावर जाइल्स काय म्हणतो ते मी आधी ऐकलंच नव्हतं. तो म्हणतो, तो रानटी आहे, त्याने वेगळं काही व्हावं असं आपण म्हणू शकत नाही. ज्याचं मांजर गेलं तोच हे म्हणतो! आणि मग मासोबा येऊन त्याच्या जखमेवर आणि टकलावर हात ठेवतो, केस उगवतात. म्हणजे एक मांजर द्या, एक भांग घ्या.

तरी मला पटलं नाही. पण उठलो नाही.

खडूस_खारूताई

बोकोबा, मला मात्र तो प्रसंग आवडतो. मासोबा गोजिरवाणा होत चालला होता, एलायझाच्या बाथरूममधलं लाडकं पोर. तिथे दिग्दर्शकाने कचकन आठवण करून दिली की याला दात आहेत.

पण मला आता मूळ लेखावरच शंका आहे. रात्रपाळी, तू म्हणतेस हा बेडूक राजपुत्र होत नाही, कुणीही बदलत नाही. शेवट नीट आठव. गोळी लागते, तो तिला घेऊन पाण्यात उडी टाकतो, तिच्या मानेवरच्या वणांवरून हात फिरवतो आणि त्या वणांचे कल्ले होतात. बदललं कोण? ती!

गोष्ट तीच आहे गं. एकाचं रूप दुसऱ्यासारखं झाल्याशिवाय संसार होत नाही, हा नियम त्याने मोडलेलाच नाही. फक्त बदलायची पाळी बाईवर टाकली. घर सोडलं, काम सोडलं, मैत्रीण सोडली, श्वास घ्यायची पद्धतसुद्धा बदलली. याला आपल्याकडे सासरी जाणं म्हणतात.

टिंगूमिंगू

ओहोहो.

निमूट

टाळ्या. आता रात्रपाळी काय म्हणते बघू.

रात्रपाळी

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण सुचत नव्हतं. खारूताई, हे मला लागलं.

काल जाऊन फक्त सुरुवात आणि शेवट पाहिला. एलायझा कोण आहे? तान्हं असताना नदीकाठी सापडलेलं मूल. मानेवर तेव्हापासून तीन तीन वण. आडनाव एस्पोझितो, जे इटलीत टाकून दिलेल्या मुलांना लावायचे. तिच्या दिवसाची सुरुवात पाण्यात. बसच्या काचेवर दोन थेंब पळतात तर ती बोटाने त्यांच्याशी खेळते, ते थेंब एकमेकांना भेटेपर्यंत. घर सिनेमागृहाच्या वर, तेसुद्धा कायम ओलसर. सगळ्यांत पहिल्या दृश्यात ती पाण्याखाली झोपलेली, आणि तिला काहीही होत नाहीये.

म्हणजे ते वण नव्हतेच. बंद पडलेले कल्ले होते. त्याने तिला बदललं नाही, जे होतं ते उघडलं. तू सासरी म्हणतेस, मला वाटतं ती माहेरी गेली.

सुमनमावशी

अगं बाई. काय बोललीस.

अँडरसनची जलपरी आठवते? १८३७ ची गोष्ट. ती जमिनीवर यायला आवाज देऊन टाकते, पाऊल टाकलं की सुऱ्या टोचल्यासारखं होतं, आणि इतकं करून राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. तुझी एलायझा त्याच्या बरोब्बर उलटी वाट चालते. आवाज आधीच गेलेला, पाय जमिनीवर, आणि जाते ती पाण्यात. जणू तीच जलपरी, फार वर्षांनी परत निघालेली.

खडूस_खारूताई

माहेर सुंदर आहे. मान्य करते, हा मी विचार केला नव्हता. पण मग माझा पहिला प्रश्न परत येतो : ती त्याच्याच जातीची निघाली तर मग वेगळ्याशी प्रेम केलं असं कुठे झालं? माणसाने जलचरावर प्रेम केलं हे तुझ्या लेखाचं बळ होतं. आता तू म्हणतेस ती माणूस नव्हतीच फारशी. म्हणजे शेवटी समान कुळात लग्न!

रात्रपाळी

खारूताई, तुझ्याशी वाद म्हणजे भिजलेल्या साबणाशी कुस्ती.

तिला स्वतःला माहीत नव्हतं ना पण. तिने अंडं पुढे केलं ते तो वेगळा आहे असं समजूनच. शेवटी काय निघालं ते तिच्या हिशोबात नव्हतं.

मौनी

हे माहेरचं भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग तिच्यात कमी काहीच नव्हतं, ती चुकीच्या जागी होती. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "पण मी बरोबर जागी आहे. इथेच." मी जसंच्या तसं लिहिलं.

शंकासुर

धागा लयीत आहे आणि मला पुन्हा एक शंका आहे. तेरा नामांकनं, चार ऑस्कर (चित्रपट, दिग्दर्शन, कलादिग्दर्शन, संगीत), व्हेनिसचा गोल्डन लायन. इतकं होतं का यात? कलादिग्दर्शन आणि संगीत मान्य. देस्प्लाचं ते शीळ आणि ॲकॉर्डियनवालं संगीत डोक्यातून जात नाही, लाटेसारखं वरखाली होत राहतं. पण पटकथा? केंद्राची सुरक्षा बघा. देशातली सर्वांत गुप्त टाकी, आणि सफाईवाली बाई तिथे बसून डबा खाते. एकदाही कुणी येत नाही?

निमूट

शंकासुर, तोच तर मुद्दा आहे. सफाईवालीकडे कुणी बघतच नाही. स्ट्रिकलंड सगळ्या शास्त्रज्ञांना उलटंपालटं करतो, रशियन कमांडोंचं पथक शोधत बसतो. लादी पुसणाऱ्या दोन बायका हे करू शकतील हे त्याच्या डोक्यात येतच नाही, आणि जेव्हा येतं तेव्हा त्याला अपमान वाटतो. पटकथेतलं भोक नाही ते, त्याच भोकातून प्राणी बाहेर काढलाय.

बाकी बाथरूमचं दार टॉवेलने बंद करून खोली छतापर्यंत पाण्याने भरते, तिथे मी तर्क खुंटीला टांगला.

टिंगूमिंगू

खालच्या सिनेमागृहाचं छत गळत होतं, त्या मालकाचं कुणाला काही नाही. माझी सगळी सहानुभूती त्याला.

दिवाभीत

मी एक राहिलेलं टाकतो आणि जातो. सगळे शेवटावर बोलताय, तर तो कोण सांगतोय ते ऐका. आवाज जाइल्सचा. सुरुवातही त्याचीच : 'आवाज नसलेल्या राजकन्येची गोष्ट सांगू का', अशा धाटणीची. जाइल्स शेवटी धक्क्यावर उभा होता, पावसात, मार खाऊन. त्याने काय पाहिलं? गोळी लागलेली मैत्रीण आणि तिला घेऊन पाण्यात गेलेला प्राणी. एवढंच. पाण्याखालचं त्याला दिसणं शक्य नाही. तो स्वतःच म्हणतो की ते सुखाने राहिले असं मला वाटतं.

तो चित्रकार आहे. खपत नसलेला, पण चित्रकार.

खडूस_खारूताई

थांबा. म्हणजे कल्ले उघडलेच नाहीत?

रात्रपाळी

म्हणजे माहेरही नाही आणि सासरही नाही? ती बुडाली?

दिवाभीत

मी कुठे तसं म्हटलं. पडद्यावर कल्ले उघडतात, आपण सगळ्यांनी ते पाहिलंय. जाइल्सला विचारा.

सुमनमावशी

मी तरी विचारणार नाही बाबा. बिचाऱ्याचं मांजरही गेलंय.